होमवर्कचं ॲप : आठ महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा घेतलं, आता फेब्रुवारी. लेक सातवीत, मराठी मीडियम, आम्ही दोघंही सातशिवाय घरी येत नाही, त्यामुळे प्रश्नाचा फोटो काढला की उत्तर येतं एवढं ऐकूनच वर्षाचे पैसे भरून टाकले.

पहिला झटका घातांकालाच बसला. वर्कशीट झेरॉक्सची, त्यावर २ चा ५ वा घात, पण वरचा ५ इतका बारीक की ॲपने सरळ पंचवीस वाचलं. लेक म्हणे दहा, दोन पंचे दहा, आणि मी भाजी चिरता चिरता बत्तीस म्हणाले तर मलाच वेड्यात काढलं, मोबाईलमध्ये तसं आलं नाही ना! शेवटी वहीत पाच वेळा २ लिहायला लावले, दोन चार आठ सोळा बत्तीस. तेव्हापासून फोटो बंद, टाईपच करायचं. त्यातही कंस विसरू नका, कंसातल्या उणे २ चा ४ था घात १६ आणि कंस गाळला की उणे १६, ॲप गप उत्तर देऊन मोकळं, बाई कंस राहिलाय का असं काही विचारत नाही.

मराठी सेटिंगमध्ये 'पाया'ला (ज्या संख्येचा घात घ्यायचा ती) 'आधार' म्हणतंय, हिंदीवरून उचललेलं दिसतंय. लेक विचारते, आधार कार्ड का?

स्टेप्स मात्र मस्त. २ चा ३ रा घात गुणिले २ चा ४ था, सगळे दोन सुटे मांडून दाखवले, हिने मोजले सात, आणि स्वतःच म्हणाली अगं मग वरच्यांची बेरीजच की! (पुढच्या गणितात अधिकचं चिन्ह होतं, तिथेही हिने सातवा घात ठोकला, ८ अधिक १६ चोवीस होतात ते परत मलाच सांगावं लागलं.)

इंग्लिशच्या प्लुरलला पूर्ण मार्क. रोज दहा शब्द, चुकलेला दोन दिवसांनी परत येतो. नाइफचं नाइव्हज म्हणून रूफचंही रूव्हज लिहायची ते सुटलं. पोटॅटोला ईएस पण फोटोला नुसता एस, कारण तो फोटोग्राफचा तुकडा, हे मलाही ॲपनेच शिकवलं. शीपचं शीपच का यावर मात्र अडून बसली, मग मी म्हटलं, एक लाडू, चार लाडू, लाडूचं काय झालं? दोन मिनिटांनी आतल्या खोलीतून ओरडली, हत्तीपण!

जूनमध्ये परत घेईन, पण महिन्याचंच. आठवीला घनमूळ आहे, तेव्हा तो वरचा बारीक ३ तरी दिसू दे त्याला.