सलाईनची बाटली की ओआरएसचा ड्रम?
१९७१. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची पश्चिम बंगालमधल्या सीमेवरच्या बनगावला रीघ, त्यात कॉलरा. सलाईन मरणाच्या दारातून माणूस ओढून आणतं. पण त्याला निर्जंतुक बाटल्या लागतात, शीर शोधणारा सराईत हात लागतो. बनगावात साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं पाणी, म्हणजेच तोंडाने पाजायचं ओआरएस, नळ लावलेल्या ड्रमांत भरलं. नातेवाईकच पेले भरभरून पाजायचे. मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६वर आला. तरी तज्ज्ञांना पटायला वेळच लागला (उपचार घरच्यांच्या हाती गेले, हेच बहुधा खुपलं). शॉकमधल्या (अंगातलं पाणी जाऊन रक्तदाब कोसळलेल्या) रुग्णाला सलाईनच हवं, तिथे वाद नाही. पण छावणीची आखणी माझ्याकडे असती, तर पहिला खर्च ड्रमांवर.