घुबड-घार पळवणाऱ्या यंत्राच्या नावाखाली 45,258 रुपये लुबाडले

बेळगाव सीमाभागात दारोदार फिरून 'सोलर पक्षीरोधक यंत्र' विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. आमच्या गल्लीतल्या नऊ घरांनी एकेक घेतलं. किंमत 6,800, निम्मं 'सरकारी अनुदान', म्हणून आपण भरायचे 3,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 612, नोंदणी 350. घरटी 4,362. नंतर 'अनुदान सोडवायला परत मिळणारी अनामत' म्हणून चार घरांकडून आणखी 1,500 उकळले. अंडी विकून साठवलेला पैसा होता हा.

आता सगळे विचारतात, कळलं कसं नाही? गळ्यात ओळखपत्र, कन्नड शिक्क्याचं पत्र, बोलणं अस्सल आपल्याकडचं, आणि इकडे गिरिराज जातीच्या कोंबड्यांची पिल्लं रोज कमी होत होती. कुणीही विश्वास ठेवला असता.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की पिन टाकायच्या आधी पडद्यावर नाव येतं. तिथं ना सरकारी खात्याचं नाव, ना कंपनीचं. कुण्या एका माणसाचं नाव होतं, आणि नऊही फोनवर तेच. विचारलं तर विकणारा म्हणाला, "साहेबांचं खातं आहे ते." अनुदान लाभार्थ्याच्या खात्यात येतं, ते मिळवायला कुणाच्या खाजगी खात्यात पैसे टाकावे लागत नाहीत. पावतीवरचा जीएसटी क्रमांक 13 अक्षरी होता. खरा 15 अक्षरी असतो आणि कर्नाटकातला 29 ने सुरू होतो. मोजून बघत चला. यंत्र चालवून दाखवलं तेही भर दुपारी, कर्कश शिट्टी वाजवून. कावळे उडाले. घुबड येतं दिवस मावळल्यावर.

पेटीचे स्क्रू काढले तर आत एक लिथियम सेल, दोन लाल एलईडी आणि नाण्याएवढा बझर. वर छापलंय '25 ते 65 किलोहर्ट्झ'. बहुतेक पक्ष्यांना 10 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही, गव्हाणी घुबडाला फार तर 12 च्या आसपास. म्हणजे यंत्र खरं असतं तरी घुबडाला ते मुकंच. लाल दिव्याला पक्षी थोड्या दिवसांत सरावतात, टांगलेल्या सीडीलाही.

तेच पैसे जाळीला घातले असते तर कोंबड्या वाचल्या असत्या. घुबडावर उपाय एकच: दिवस मावळायच्या आत कोंबड्या खुराड्यात आणि दार बंद. झाडावर, कुंपणावर बसू दिल्या की गेल्या. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. षटकोनी तारेची पातळ जाळी मुंगूस आणि रानमांजर फाडतात. जाळी फूटभर जमिनीत गाडा, दाराखाली बोटभरही फट नको. घार आणि शिक्रा दिवसा येतात, पिल्लांवरच. दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत डालग्याखाली किंवा वरून नायलॉन जाळी ताणलेल्या जागेत ठेवा. जाळी डोक्याच्या वर, सैल नको. सैल जाळीत पक्षी अडकतो. आणि पिंगळ्याला, म्हणजे त्या छोट्या घुबडाला, दोष देऊ नका, तो किडे, उंदीर, पाली खातो. घुबड पकडून देतो म्हणणाऱ्यालाही हाकला, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. ठाण्यात मराठी अर्ज घेतला नाही, कन्नडमध्ये आणा म्हणाले. तसा नेला तर हे सायबरचं काम. सायबरवाले म्हणतात, माणूस दारात आला होता ना, मग हे ऑनलाइन कसं? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं, अशी योजनाच नाही, आमचा संबंध नाही. अहो, नसलेल्या योजनेचा शिक्का घेऊन माणूस गावोगाव फिरतोय, मग संबंध कुणाचा? पंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी लिहायला सांगितल्या, त्याही नाही लिहिल्या. रक्कम लहान म्हणतात. नऊ घरांची 45,258 लहान?

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. उशीर झाला की समोरचा खातं रिकामं करतो. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक फोनमधून उतरवून ठेवा, तो लागतोच. बंद पडलेलं यंत्र भंगारात घालू नका, पावतीसकट ठेवा, पुरावा तोच आहे.