सिल्व्हर मॉलमधला काळा डबा: जुना थिन क्लायंट घरचा कॉम्प्युटर म्हणून

जानेवारीत इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून एचपीचा जुना टी-६२० थिन क्लायंट (ऑफिसात मोठ्या सर्व्हरला जोडून वापरतात तो छोटा कॉम्प्युटर) २,८०० रुपयांना आणला. दुकानदाराने स्वतःहून सांगितलं, "अंकल, ये तो सिर्फ टर्मिनल है." पण भाचीला प्रोग्रामिंग शिकायचं होतं आणि ताईकडे सहा हजारांच्या वर सोय नव्हती.

शिवाय माझी स्वतःची हौस. २००० साली अमेरिकेत आय-ओपनर नावाचं इंटरनेट यंत्र ९९ डॉलरला मिळायचं. कंपनी ते तोट्यात विकायची आणि महिन्याच्या वर्गणीतून पैसे वसूल करणार होती. लोकांनी त्याला हार्डडिस्क जोडून पूर्ण पीसी केला! तेव्हापासून मला असं काही करून बघायचंच होतं.

पहिल्या रात्री भाचीने तीन प्रोग्राम लिहून सेव्ह केले. सकाळी चालू केला तर सगळं गायब, पोर रडवेली. आतल्या विंडोज एम्बेडेडमध्ये राइट फिल्टर चालू होता. तो नवं लिखाण रॅममध्येच ठेवतो, मशीन बंद झालं की ते गेलं. ऑफिसात हे सोयीचं असतं, घरात नाही.

मग डबा उघडला. एएमडीचा चार कोरचा १.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, साठवणीसाठी १६ जीबीची इवलीशी एसएसडी, रॅमचे दोन स्लॉट. लॅपटॉपची जुनी डीडीआर३एल रॅम, चार-चार जीबीच्या दोन, ११०० रुपये. २५६ जीबीची एम.२ एसएसडी १,७०० रुपये. एसएसडी साटा प्रकारचीच मागा. एनव्हीएमई ही दुसऱ्या प्रकारची एसएसडी जवळपास तशीच दिसते, पण हा डबा तिला ओळखत नाही. मी आधी तीच आणली आणि बदलायला सुदामानगरहून पुन्हा हेलपाटा घातला. नंतर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट एक्सएफसीई ही हलकी, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली.

आज पायथन, लिब्रेऑफिस, पीडीएफ मस्त चालतात. यूट्यूब ७२०पीला छान, १०८०पीला अडखळतं, कारण यूट्यूबचा व्हीपी९ प्रकारातला व्हिडिओ उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. पंखा नाही, म्हणून रात्री अभ्यासाला अगदी शांत. मात्र अंग तापतं, कपाटात कोंडू नका. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी घेऊ नका. माझ्या नगाला फक्त डिस्प्लेपोर्ट होते, एचडीएमआय मॉनिटरसाठी २५० रुपयांचा कन्व्हर्टर लागला.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच चालू करून एफ१० दाबा. बायोसने (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्याने) पासवर्ड मागितला तर तो नग परत ठेवा, दुसरा बघा.