साडेचार हजारांचा पेपर

२०२१ चा पावसाळा. पीएच.डी.चा थीसिस तयार होता, अडलं होतं ते एका पेपरवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१६ च्या नियमांनुसार थीसिस जमा करण्याआधी निदान एक शोधनिबंध रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या, जर्नलमध्ये छापून यावा लागे, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ एकच काढला जाई: केअर लिस्ट, यूजीसीची मान्य जर्नलांची यादी. मी कॉलेजात सीएचबीवर शिकवत होते. म्हणजे तासावर पैसे, तेही चार-पाच महिन्यांनी. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती. एका नावाजलेल्या जर्नलला निबंध पाठवून आठ महिने झाले होते आणि त्यांच्याकडून पोचेपलीकडे काही आलं नव्हतं. कंटाळून तो मागे घेतला.

त्याच आठवड्यात प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. 'यूजीसी केअर ग्रुप १. समाजशास्त्र व सर्व विषय. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. ७ दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत.' समाजशास्त्राच्या जर्नलला 'सर्व विषय' कसे चालतात, हा प्रश्न आज मला पहिल्यांदा पडतो. तेव्हा पडला नाही.

अगदी डोळे मिटून गेले असंही नाही. केअरच्या पोर्टलवर जर्नलचं नाव शोधलं, सापडलं. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, अंकन् अंक जुळवला. एका जुन्या संस्थेचं त्रैमासिक, नाव वजनदार. वेबसाइट उघडली तर तेच नाव, तोच नंबर, संस्थेच्या इमारतीचा फोटोसुद्धा. शंका एवढीच होती की ४,५०० रुपये कशाचे? तसं फोनवर विचारलं. पलीकडचे 'सर' फार गोड बोलले. "मॅडम, ओपन ॲक्सेस आहे ना आपलं. वाचकाला फुकट, म्हणजे खर्च लेखकाने उचलायचा. अहो, नेचरवाले साडेनऊ हजार युरो घेतात!"

मी फसले ते इथे. कारण नेचर या नामांकित विज्ञान-जर्नलचा तो आकडा तेव्हा खरा होता. २०२० च्या शेवटी तो जाहीर झाला तेव्हा बरीच ओरड झाली होती, मीही वाचली होती. साडेनऊ हजार युरोंपुढे साडेचार हजार रुपये म्हणजे अगदीच किरकोळ वाटले. ओपन ॲक्सेस म्हणजे लेखकाच्या खिशातून, हे समीकरणच मुळात चूक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओपन ॲक्सेसची कल्पना मांडणाऱ्या २००२ च्या बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात मागणी होती ती शोधनिबंध वाचकाला विनामूल्य मिळावेत, ते वापरायची आणि वाटायची मोकळीक असावी, ही. खर्च अनुदानातून, संस्थांच्या पैशातून, कुठूनही भागवता येतो. डीओएजे नावाची खुल्या जर्नलांची निर्देशिका आहे. तिच्यातली बहुसंख्य जर्नलं लेखकाकडून छदामही घेत नाहीत. हे मला कळलं ते पैसे गेल्यावर.

पैसे गूगल पेने पाठवले. स्क्रीनवर खातेदार म्हणून एका बाईंचं नाव आलं, ना संस्थेचं ना जर्नलचं. अंगठा क्षणभर थबकला होता, हे मला चांगलं आठवतं. संध्याकाळी 'पेपर ॲक्सेप्टेड, नो चेंजेस' असा मेल. पाचव्या दिवशी पीडीएफ आणि सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, त्यावर 'इम्पॅक्ट फॅक्टर ६.९', म्हणजे जर्नलचे लेख इतर संशोधक सरासरी किती वेळा उद्धृत करतात तो आकडा. घरी पेढे वाटले. आता लिहितानाही कान गरम होतात.

जमा करण्याआधीच्या छाननीत समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, मूळ अंक आहे का? नव्हता. म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. नियतकालिक विभागातल्या काकांनी तोच अंक काढून टेबलावर ठेवला. करड्या पुठ्ठ्याचा, स्टेपल मारलेला, पातळसा. अनुक्रमणिकेत सात लेख, त्यात माझा नाही. मी माझी पीडीएफ दाखवली, पान २१४ ते २१९. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ताई, हा अंक शंभर पानांच्या वर कधी गेलेलाच नाही."

अंकावर संपादकांचा फोन नंबर होता. लावला. माझं नाव सांगायच्या आतच ते म्हणाले, "पैसे किती घेतले तुमच्याकडून?" त्या महिन्यातला तो त्यांचा चौथा फोन होता. त्यांची वेबसाइटच नव्हती. अंक पोस्टाने जायचा, आणि लेखकाकडून त्यांनी कधी रुपया घेतलेला नव्हता.

अशी जर्नलं भामट्यांना आयतीच सापडतात. यादीत नाव असतं, इंटरनेटवर जागा रिकामी असते. कुणीही त्या नावाने साइट थाटावी. याला क्लोन जर्नल म्हणतात. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केअर कक्षाला हे ठाऊक होतं, पोर्टलवर क्लोन जर्नलांची यादीही होती. मी ती उघडून पाहिली नाही. नाव मिळालं, नंबर जुळला, संपलं. आणि आयएसएसएनचं म्हणाल तर तो नुसता ओळख क्रमांक. जर्नल बरं की वाईट हे तो सांगत नाही. साइट कुणाची हे तर नाहीच नाही.

आता परिस्थिती आणखी निसरडी आहे. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने आपल्या जुन्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढली, मग केअर आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं जाहीर झालं. जर्नल पारखायचं काम आता ज्याच्या त्याच्या संस्थेवर. तरी परवाच ग्रुपवर पुन्हा मेसेज होता: 'यूजीसी केअर लिस्टेड, आजच पाठवा.' बंद दुकानाची पावती फाडताहेत आणि लोक रांगेत आहेत. असा मेसेज आला तर आधी ग्रंथालयात जाऊन मागचे दोन-तीन छापील अंक हातात घ्या, त्यावरच्या नंबरवर फोन करा. साइटवरच्या नंबरवर नको, तिथे तेच 'सर' उचलतात. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावर विचारा. माझ्या 'जर्नल'च्या मंडळावरच्या एका बाईंना आपण मंडळावर आहोत हे माझ्याकडूनच कळलं. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, दिला असेल तर तो डीओआयच्या अधिकृत साइटवर टाकून बघा. माझा कुठेच उघडला नाही. आणि खातं व्यक्तीच्या नावाचं दिसलं की तिथेच थांबा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रार क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात विचारलं गेलं, "पण पेपर छापला ना त्यांनी?" यावर काय बोलणार.

पैशांचं दुःख फार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांची गळती हा माझ्या कामाचा गाभा, दोन हंगाम कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, फिरून गोळा केलेला. तो निबंध आता कुठेच पाठवता येत नाही, कारण तो 'आधी प्रकाशित' आहे. दुसऱ्या प्रकरणावरून नवा निबंध लिहिला, तो रीतसर छापून यायला वर्ष गेलं. मी थीसिस जमा केला आणि काही महिन्यांत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यूजीसीने पेपरची सक्तीच काढून टाकली.

जुना निबंध काढून टाका म्हणून मी 'सरां'ना मेल केला होता. उत्तर दहा मिनिटांत आलं: काढायचे २,००० रुपये. दिले नाहीत. मेल पाठवताना निबंध पहिल्यांदाच नीट वाचला, तेव्हा पान २१७ वर माझीच एक ओळ दिसली. कच्च्या मसुद्यात स्वतःसाठी पिवळ्या रंगात लिहिलेली, घाईत पुसायची राहिलेली. 'हा आकडा चुकलाय बहुतेक, गाईड सरांना विचारणे.' छापतानाही त्यांनी ती पिवळीच ठेवली आहे.