व्हिडिओ गेमच्या जुन्या डिस्कचं दुकान, टिळक रोड: कुणी जावं, कुणी नाही

टिळक रोडच्या गल्लीतलं हे दुकान जेमतेम दोन गिऱ्हाइकं मावतील एवढं. काका डिस्क दिव्याखाली तिरकी धरून ओरखडे दाखवतात, मगच भाव सांगतात. दीड हजाराला नेलेली डिस्क खेळून झाल्यावर, नीट ठेवली असेल तर, हजाराला परत घेतात. डाउनलोड केलेला गेम असा कोण घेणार? स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळतात, पण १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तरच. माझ्या भाच्याकडे डिस्क ड्राइव्ह नसलेला पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) आहे. तो इथे नुसता खोकी चाळतो.

पण डिस्क हातात आली म्हणजे गेम जन्मभराचा आपला, असं समजू नका. ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले. तो ऑनलाइनशिवाय चालतच नसे, त्यामुळे डिस्कवालेही बसले हात चोळत. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलला डिस्कऐवजी कार्ड लागतं, त्यातल्या काही कार्डांत तर गेम नसतोच, तो डाउनलोडच करावा लागतो. काका हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. विचारलं की मात्र खरं सांगतात.

एकट्यानं खेळायच्या, कथा असलेल्या गेमसाठी जरूर जा. ऑनलाइनवाल्यांनी पेट्रोल वाचवावं. यूपीआय चालतं. पार्किंगचं नाव काढू नका.