पाकिटावर ‘लेझर वेल्डेड’, आत डाग दिलेले दात: ग्रॅनाइटच्या ब्लेडमधली फसवणूक

ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून, पाणी न मारता ग्रॅनाइट कापणारे मिस्त्री, फरशीवाले आणि घरच्या घरी काम करू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. नामांकित कंपनीच्या पाकिटात मला बनावट ब्लेडं विकली गेली. पैसे गेले, ग्राहकाचा स्लॅब गेला, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे चालू मशीनवर ब्लेडचा एक दात, म्हणजे कडेला जोडलेला हिऱ्याचा दाणा असलेला धातूचा तुकडा, सुटून उडाला. ग्राइंडरला गार्ड (ब्लेडवरचं संरक्षक झाकण) होता म्हणून समोर व्हॅक्यूमचा पाइप धरून बसलेल्या पोराचा चेहरा वाचला.

मी सांगली-मिरज भागात ओटे बसवण्याचं काम करतो. हे काम राहत्या घरातलं होतं. ओट्यावर इलकलचा लाल ग्रॅनाइट होता आणि मोठं सिंक बसवण्यासाठी जुना कट वाढवायचा होता. खाली नुकतंच केलेलं फर्निचर होतं, त्यामुळे पाणी मारता येणार नव्हतं. तसाही हातातला साधा २३० व्होल्टचा ग्राइंडर पाण्याबरोबर वापरायचा नसतोच. म्हणून मी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट लिहिलं होतं: पाच इंची, ग्रॅनाइटसाठी, सुक्या कटिंगचं, लेझर वेल्डेड ब्लेड, अमुक कंपनीचंच. त्याने होकार दिला. दुकानात गेल्यावर सीलबंद पाकिटं समोर ठेवली. भाव नेहमीपेक्षा थोडा कमी होता. “जुना स्टॉक आहे मिस्त्री, काढून टाकतोय,” एवढंच म्हणाला. फार स्वस्त दिलं असतं तर कोणालाही शंका आली असती, पण फरक इतकाच ठेवला होता की सूट वाटावी.

पहिला कट बरा गेला. मग आवाज बदलला. खरखर थांबून शिटीसारखा बारीक आवाज यायला लागला, ठिणग्या लांब उडायला लागल्या आणि धूळ जवळजवळ थांबली. ब्लेड कापत नव्हतं, नुसतं घासत होतं. अशा वेळी जोर लावायचा नसतो. ब्लेड बाहेर काढून थोडा वेळ हवेत फिरवून थंड करायचं आणि जांभ्याच्या तुकड्यावर किंवा वाळूच्या विटेवर दोन-चार कट मारून दाणा उघडायचा, म्हणजे दातातले नवे हिरे वर आणायचे. तसं केलं. ब्लेड वीतभर चाललं आणि पुन्हा मेलं. मधल्या पत्र्यावर कडेला जास्त तापल्याची निळी झाक दिसली म्हणून मी हात उचलतच होतो, तेवढ्यात दात सुटला, गार्डवर आदळला आणि भिंतीत जाऊन रुतला. ब्लेडने खाल्लेल्या झटक्याने सिंकच्या कोपऱ्यापासून ओट्याच्या कडेपर्यंत तडा गेला.

पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतो. सुटलेला दात त्या वेगाने बाहेर पडतो. त्यामुळे या फसवणुकीला मी निव्वळ पैशांची लबाडी मानत नाही.

घरी आल्यावर तुटलेला दात आणि ब्लेड भिंगाखाली धरलं. दात मधल्या पत्र्याला जोडायच्या, इथे महत्त्वाच्या अशा पद्धती दोन. लेझर वेल्डिंगमध्ये दात आणि पत्रा एकमेकांत वितळून बसतात, जोडाची बारीक शिवण दिसते, मध्ये दुसरा धातू नसतो. दुसऱ्या पद्धतीत सोनार देतो तसा चांदीच्या मिश्रधातूचा डाग देऊन दात चिकटवतात. ही पद्धत वाईट नाही, पाणी मारून चालणाऱ्या मोठ्या मशीनवर अशीच ब्लेडं वर्षानुवर्षं चालतात. पण सुक्या कामात उष्णता वाढली की तो डाग मऊ पडतो आणि दात सुटतो. म्हणूनच सुक्या कामासाठी डाग दिलेलं ब्लेड वापरायचं नसतं. माझ्या ब्लेडवर, दात जिथून निघाला तिथे, वितळून ओघळलेला पांढरट-पिवळसर धातू स्पष्ट दिसत होता. पाकिटावर मात्र मोठ्या अक्षरांत ‘लेझर वेल्डेड’ आणि ‘ड्राय’.

दुसरी गोष्ट दाताच्या उंचीची. पाकिटावर १० मिलिमीटर लिहिलं होतं आणि व्हर्नियरने मोजलं तर तेवढंच भरलं. पण दात फोडून पाहिला तर हिऱ्याचा दाणा फक्त बाहेरच्या थोड्या भागात, खाली सगळा कोरा धातू. चांगल्या लेझरच्या ब्लेडलाही दाताच्या तळाशी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा बिनहिऱ्याचा थर असतो, तो जोडासाठी लागतो. इथे अर्ध्याहून जास्त दात तसा होता. हिरा कुठवर आहे हे गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही, त्याचाच हा फायदा.

दाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ब्लेड निवडताना खरं कळीचं हेच आहे. हिरा दगड कापतो, आणि त्याला धरून ठेवणारा धातू हळूहळू झिजून नवा हिरा वर आणतो. ग्रॅनाइटसारखा कठीण, घट्ट दगड त्या धातूला फारसा झिजवत नाही, म्हणून त्याला मऊ धातूचं ब्लेड लागतं. जांभा, वाळूचा दगड, ताजं काँक्रीट हे मऊ पण खरवडणारे. ते धातू भराभर खातात, म्हणून त्यांना कडक धातूचं ब्लेड लागतं. कठीण दगडाला मऊ ब्लेड, मऊ खरखरीत दगडाला कडक ब्लेड, असा हा उलटा हिशोब आहे. काँक्रीटचं ब्लेड ग्रॅनाइटवर लावलं की हिरे बोथट होतात, नवे वर येत नाहीत आणि दाताचा माथा आरशासारखा चकचकीत होतो. चांगल्या चालणाऱ्या ब्लेडच्या दातावर बोट फिरवलं (अर्थात मशीनची पिन काढून) तर खरखर लागते, आणि भिंगातून प्रत्येक हिऱ्यामागे धातूची छोटी शेपटी दिसते. माझ्या ब्लेडवर खरखर नव्हती, शेपट्याही नव्हत्या.

त्यामुळे “सगळ्याला चालतं” म्हणून जे ब्लेड पुढे केलं जातं, ते मी घेत नाही. आपल्याकडे एकाच आठवड्यात शहाबादी, कडप्पा, काळा दगड आणि ग्रॅनाइट हाताखालून जातात. शहाबादी, कडप्पा, कोटा हे चुनखडीचे दगड, त्यांना मधलं ब्लेड निभावून नेतं. बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या हिशोबाने ग्रॅनाइट नसतोच, त्यात क्वार्ट्झ (ग्रॅनाइटमधलं कठीण खनिज) नावालाच असतो, म्हणून तो वेगळा चालतो. इलकलचा लाल मात्र खरा ग्रॅनाइट. कुठला दगड कापायचाय हे न विचारता ब्लेड देणारा दुकानदार एक तर बेफिकीर असतो, नाही तर हातातला माल खपवत असतो.

दुकानात परत गेलो. सुटलेला दात काउंटरवर ठेवला.

“जोर जास्त दिला असणार मिस्त्री.”

“शेठ, पाकीट बघा आणि हा डाग बघा. लेझरला असा ओघळ येतो का?”

त्याने दात हातात घेतला नाही. वापरलेला माल परत घेत नाही, म्हणाला. बिल काढलं तर त्यावर नुसतं ‘डायमंड ब्लेड ५ इंच’, कंपनीचं नाव कुठेच नाही. ते जाणूनबुजून गाळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण माझी मागणी आणि त्याचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर होता, पैसे यूपीआयने दिलेले होते आणि पाकिटं जपून ठेवली होती. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोटो पाठवले, त्यांनी ब्लेड आपलं नसल्याचं लेखी कळवलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर न उघडलेल्या पाकिटांचे पैसे परत आले. ग्राहकाला नवा स्लॅब मी माझ्या खर्चाने बसवून दिला, त्याची भरपाई जिल्हा ग्राहक आयोगात मागणार आहे.

इथे मिस्त्री लोकांची एक अडचण असते. “तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही,” असं तोंडावर सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळलेली आहे. स्वतः राबणारा मिस्त्री ग्राहकच आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही.

आता मी ब्लेड घेताना पाकिटावर आधी बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर शोधतो. हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या एका बनावट पाकिटावर पत्त्याच्या जागी फक्त शहराचं नाव होतं. मग ब्लेडवर कमाल वेग कोरलेला आहे का ते बघतो. १२५ मिलिमीटरला साधारणपणे मिनिटाला १२,२०० फेऱ्या असतो आणि तो आपल्या ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्तच हवा. दाताच्या मुळाशी जाड रंग थापलेला असेल तर ब्लेड परत देतो, कारण जोड लपवायला ती सगळ्यात सोपी जागा आहे. ग्राइंडरच्या पाच इंची ब्लेडचं भोक साधारणपणे २२.२३ मिलिमीटरचं असतं. ते स्पिंडलवर (मशीनच्या फिरत्या दांड्यावर) हलत असेल तर ब्लेड लचकणार आणि कड फुटणारच. बिलावर कंपनीचं नाव आणि ‘ग्रॅनाइट, ड्राय’ लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही. लिहायला नकार मिळाला तर दुसरं दुकान गाठतो.

ब्लेड नवं असताना पहिला कट कामाच्या स्लॅबवर मारू नका. टाकाऊ तुकड्यावर, गार्ड लावून, चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क घालून, समोर कोणालाही न बसवता मारा. ग्रॅनाइटच्या धुळीतला क्वार्ट्झ फुप्फुसात जातो तो कायमचा, आणि बोथट ब्लेडवर रेंगाळणारा माणूस त्या धुळीत जास्त वेळ काढतो.

ब्लेड संपेपर्यंत त्याचं पाकीट बिलासकट ठेवा. संपल्यावर मात्र ते साइटवर तसंच टाकू नका. माझ्याकडच्या बनावट ब्लेडांच्या पाकिटांपैकी दोन छपाईवरून अस्सल वाटतात, फक्त सील नव्याने चिकटवलेलं आहे. रिकामी पाकिटं कोणीतरी गोळा करतं, असा माझा संशय आहे. कात्रीने मधून कापा आणि मगच टाका.