ओमिम – भाच्याच्या रिपोर्टवरच्या सहा आकड्यांमुळे कळलेली साईट

मागच्या वर्षी भाच्याचा जेनेटिक रिपोर्ट आला. सहा वर्षांचा पोरगा, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून टेकून उभा राहायचा, पोटऱ्या मात्र चांगल्या जाड, आम्हाला वाटायचं अंगानं भरलाय. लॅबवाल्यांनी रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॅपवर पाठवून दिली, फोन केला तर "डॉक्टरांना दाखवा" एवढंच, आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट बारा दिवसांनी. ताई रडून रडून अर्धी झालेली. रिपोर्टात एक्झॉन 45 ते 50 डिलिशन (म्हणजे जीनचे तेवढे तुकडे गायब) असं काहीतरी, आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आनुवंशिक आजार) यापुढे ओमिम 310200. हा नंबर कसला म्हणून शोधला आणि रात्री दीड वाजता ओमिम डॉट ऑर्ग (omim.org, जीन आणि आनुवंशिक आजारांची माहिती देणारी साईट) उघडली. तेव्हापासून इतक्या वेळा वापरलीय की नीट लिहावंसं वाटलं.

साईट फुकट आहे, नुसतं वाचायला लॉगिन लागत नाही, देणगी द्या अशी विनंती दिसते (मी दिली). माणसातला एकेक जीन आणि एकेक आनुवंशिक आजार याचं स्वतंत्र पान, प्रत्येकाला सहा आकडी नंबर. नंबर उगाच दिलेला नाही, पहिला आकडा 3 म्हणजे एक्स क्रोमोझोमवरचा जीन किंवा आजार. नंबराआधी चांदणी (*) असेल तर ते जीनचं पान, हॅश (#) असेल तर आजाराचं, ज्याचं मूळ जीनपर्यंत सापडलंय. हे कळलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून एक्सवरचा आजार बहुतेक वेळा आईकडून येतो, म्हणजे ताई कॅरिअर (बिघाड अंगात आहे, स्वतःला सहसा आजार नाही, पण मुलांना जाऊ शकतो अशी) असू शकते, आणि ताई असेल तर मी पण असू शकते, मला स्वतःला अजून मूल नाही. लॅब सोडाच, तोपर्यंत हे आम्हाला कोणीच बोललं नव्हतं. आणि त्याच पानांवर हेही होतं की बऱ्याच मुलांमध्ये, साधारण तिघांत एकाला, हा बिघाड नव्यानेच होतो, आईकडे नसतोच. ताईला ते वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा ती जेवली.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे प्रत्येक वाक्यामागे कोणत्या डॉक्टरने कोणत्या साली काय पाहिलं ते दिलेलं असतं. हवेतलं काही नाही. पानाच्या तळाशी कोणी कधी दुरुस्ती केली त्याचीही यादी, आणि बऱ्याच जुन्या पानांवर पान तयार करणारा म्हणून तिथे एकच नाव, व्हिक्टर मॅक्युसिक, 1986 ची तारीख. दहा-बारा पानांवर तेच नाव बघितल्यावर हा माणूस कोण म्हणून वाचत गेले.

1921 चा जन्म, अमेरिकेतल्या मेन राज्यात दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी, आणि स्वतः एकसारख्या जुळ्यांपैकी एक. जुळा भाऊ पुढे त्याच राज्याचा चीफ जस्टिस झाला. मॅक्युसिक पंधराव्या वर्षी हाताच्या इन्फेक्शनमुळे बॉस्टनच्या हॉस्पिटलात कित्येक आठवडे पडून होता, तिथंच डॉक्टर व्हायचं ठरलं. जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात हृदयाचा डॉक्टर झाला, मार्फान सिंड्रोमचे (हाडं, डोळे आणि हृदयावर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) पेशंट बघता बघता आनुवंशिकतेकडे वळला आणि 1957 ला तिथे मेडिकल जेनेटिक्सचा विभागच सुरू केला. कार्डिऑलॉजी सोडतोय म्हणजे स्वतःच्या करिअरवर धोंडा मारून घेतोय असं बरोबरच्यांना वाटलं होतं म्हणे. मग पेनसिल्व्हेनियातल्या आमिश (जुन्या पद्धतीनं राहणारा एक ख्रिश्चन समाज) लोकांच्या घरोघरी जाऊन वंशावळी लिहून काढल्या, ते आपापसातच लग्नं करतात आणि कोण कोणाचं हे नीट लिहून ठेवतात, त्यामुळे दुर्मिळ आजार तिथे सापडत गेले. 1962 ला एक्सवरच्या आजारांची यादी छापली, आणि 1966 ला सगळ्या आजारांचं पुस्तक. 1998 पर्यंत बारा आवृत्त्या! 1987 पासून तेच ऑनलाइन, म्हणजे ओमिम. 2008 ला ते गेले, पण हॉपकिन्सची माणसं अजून रोज भर घालतात. आपल्या भागातलंही सापडतं, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 ला मुंबईत शोधलेल्या बॉम्बे ब्लड ग्रुपचं (एक दुर्मिळ रक्तगट) पान मी सगळं वाचून काढलं.

आता त्रास काय ते पण सांगते. इंग्रजी अवघड आहे, मी बीएस्सी असून एकेका परिच्छेदाला अर्धा तास लागला. पानं लांबच लांब, मोबाईलवर तर वाचवत नाही. पुढं काय करायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, फिजिओ कधी सुरू करायची याची उत्तरं घरच्यांना कळतील अशी तिथे नाहीत, ते त्या साईटचं कामच नाही, ही साईट मुख्यतः डॉक्टर आणि संशोधकांसाठी आहे आणि स्वतःच्या आजाराबद्दल डॉक्टरांनाच विचारा असं ते स्पष्ट लिहितात. आणि आजार पुढे कसा वाढतो ते इतकं कोरडं लिहिलंय की आईबापांनी रात्री एकट्यानं वाचू नये असं मला मनापासून वाटतं. मी पण ताईला सगळं दाखवलं नाही. घरातल्या एकानं वाचावं, प्रश्न वहीत लिहावेत आणि जेनेटिक काउन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांबद्दल घरच्यांना समजावून सांगणारे तज्ज्ञ) घेऊन जावेत. आम्ही तेच केलं. मुंबईच्या काउन्सेलर मॅडमनी वही बघून पाऊण तास दिला, चौदा प्रश्न होते, सगळे घेतले.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा फक्त भाषेसाठी कापला.

शोधताना आजाराचं नाव न टाकता रिपोर्टवरचा नंबर टाका. नावं एकमेकांसारखी असतात, ड्युशेन आणि बेकर एकाच जीनचे आजार पण पानं वेगळी, नंबर टाकला की थेट आपल्याच पानावर जाता येतं. आणि मुलाच्या आईची कॅरिअर टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मावश्यांचीही करून घ्या, आईच्या हृदयाची तपासणीही करा, कॅरिअर बायकांच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो. ताईची पॉझिटिव्ह आली, तिचा इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. माझी निगेटिव्ह आली.